शेजार ऐकणाऱ्या आपा

आपा कॉल घेताना डोळे मिटायच्या. टेलिफोन एक्स्चेंजमधल्या माझ्या पहिल्याच दिवशी मला वाटलं, बाई बोर्डासमोर बसल्या बसल्या झोपल्या आणि आता साहेबांची बोलणी खाणार. तेवढ्यात मिटल्या डोळ्यांनीच त्यांनी दोरी उचलली, बरोबर भोकात खुपसली आणि पलीकडच्या माणसाला म्हणाल्या, "हाँ जी, जालना दे रही हूँ." मी तोंड उघडं टाकून बघत राहिले. कॉल झाल्यावर डोळे उघडून त्यांनी मला विचारलं, "क्या देखती? एक खिड़की बंद करी तो दूसरी में से हवा अच्छी आती." मग कमरेची डबी काढून एक लवंग स्वतःच्या तोंडात टाकली आणि एक माझ्या हातावर ठेवली.

हैदराबाद संस्थान संपवणाऱ्या पोलीस ॲक्शनला तेव्हा दहा-बारा वर्षं झाली होती. कचेऱ्यांमधली उर्दू गेली होती, मराठी अजून दारात अवघडून उभी होती, आणि मधल्या मध्ये इंग्रजी खुर्ची धरून बसली होती. आपा शिकल्या होत्या उर्दू सातवी. हजेरीपटावर त्यांचं भलं लांब नाव होतं, पण शिपायापासून सुपरवायझरपर्यंत सगळे त्यांना आपाच म्हणायचे. त्यांचे वडील छावणीत शिंपीकाम करायचे. ॲक्शनच्या गडबडीत वडील वारले, भाऊ हैदराबादला निघून गेले. आपांची आई मात्र हलायला तयार होईना. "अम्मा बोली, मैं इधरीच मरती. तो मैं भी इधरीच जी रई," असं त्या अगदी सहज सांगायच्या. त्यात दुःख होतं की नव्हतं, हे मला कधी कळलं नाही.

माझं घर गारखेड्याचं. आज तिथं फ्लॅटच्या किमती ऐकून माणूस खाली बसतो. तेव्हा ते शहराबाहेरचं गाव होतं आणि आमची ज्वारी थेट रस्त्यापर्यंत यायची. मी घराण्यातली पहिली मॅट्रिक. नोकरी लागली तीसुद्धा हंगामी. दादांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, त्याच संध्याकाळी ओसरीवर निकाल दिला, "ह्ये बघ सुमन, कायम झालीस तर आमची ना नाय. नाय झालीस तर जालन्याचं स्थळ थांबून हाये. लई मोठी शेती हाये त्यांची." मी 'व्हय' म्हटलं. जालन्याच्या स्थळाचा फोटो मी पाहिला होता. माणूस वाईट नव्हता, पण त्या फोटोतल्या खुर्चीमागे मी आयुष्यभर उभी राहिलेली मला दिसत होते.

आता घोडं अडलं ते इंग्रजीपाशी. शाळेत मी इंग्रजीत पहिली यायचे, पण ती इंग्रजी पुस्तकातली. तिथं प्रत्येक शब्द दावणीच्या गायीसारखा वेगळ्या खुंट्याला बांधलेला. वेरूळ-अजिंठा बघायला आलेले परदेशी पाहुणे हॉटेलातून फोन करायचे तेव्हा सगळी गुरं एकदम सुटून अंगावर यायची. कुठली गाय आपली, कुठली शेजाऱ्याची, काही कळायचं नाही. मी "पार्डन, सर" म्हणायचे. ते पुन्हा तेच, फक्त मोठ्यानं, बोलायचे. मी पुन्हा "पार्डन, सर". चौथ्या वेळेला ते फोन आपटायचे.

तीन महिन्यांनी वरच्या कचेरीतले साहेब तपासणीला आले. हेडफोन लावून तासभर माझ्यामागे बसले आणि शेरा मारून गेले : परदेशी ग्राहकांचं बोलणं समजत नाही, आणखी तीन महिन्यांनी पुन्हा पाहू. जाताना सुपरवायझरला म्हणाले, कायम जागा एकच आहे. हंगामी आम्ही दोघीच होतो, मी आणि आपा. आपा कितीतरी वर्षं हंगामीच होत्या, कारण त्यांच्याकडे मॅट्रिकचा कागद नव्हता. त्या वर्षी मात्र अनुभवावर सूट मिळणार होती. म्हणजे जागा एक, माणसं दोन, आणि त्यातलं एक माणूस मला डबीतली लवंग देणारं.

त्या दिवशी मी मागच्या पायऱ्यांवर बसून मनसोक्त रडले. आपा बाहेर आल्या, शेजारी बसल्या आणि म्हणाल्या, "रोना हो गया तो कल आधा घंटा जल्दी आ." मला वाटलं, झाडून घ्यायला सांगतात की काय.

दुसऱ्या दिवशी त्यांनी येताना शिवणाच्या धाग्याचा तुकडा आणला होता. तो माझ्या ओठांसमोर धरून म्हणाल्या, "बोल, पिन." मी म्हटलं. धागा ढिम्म. मग स्वतःच्या ओठांसमोर धरून त्यांनी गोऱ्या बाईसारखं "पिन" म्हटलं. धागा टुणकन उडाला. "अब देख. स्पूल." धागा जागचा हलला नाही. पुन्हा पिन, उडाला. पुन्हा स्पूल, स्थिर. मी लहान मुलासारखी हसायला लागले. आपांना हे कुणी शिकवलं नव्हतं. वडिलांच्या दुकानात मेमसाहेब मापं द्यायला यायच्या आणि ही मुलगी पडद्यामागे बटणं लावत बसायची. दुकानाच्या मधल्या तारेवर धागे लोंबत असायचे. मेमसाहेब 'पिन' म्हणाली की धागा हलतो, 'स्पूल' म्हणाली की हलत नाही, हे तिनं सात-आठ वर्षांची असताना टिपलं. वडिलांना सांगितलं तर ते म्हणाले, बटणं लाव.

"पर एकीच प है ना दोनों में?" मी विचारलं. माझी दखनी उर्दू म्हणजे मराठीला लावलेलं ठिगळ.

"गोरों कू एकीच लगता. मेरेकू दो सुनाई देते. पहला प अकेला घर में रहता, जोर से बोलता. दूसरे के बाजू में स बैठा है. स ने सारी हवा पहलेच उड़ा दी, प बेचारा क्या बोलेगा?" आणि मग जे वाक्य त्या पुढे वर्षभर दिवसातून दोनदा तरी म्हणायच्या ते म्हणाल्या, "आवाज कू अकेला नक्को सुन. उसका शेजार सुन."

'शेजार' हा शब्द त्या मराठीतलाच वापरायच्या. बाकी वाक्य दखनी आणि मधे हा शेजार. मराठीत इतका चांगला शब्द असताना दुसरा कशाला शोधायचा, असं त्यांचं म्हणणं.

रोज अर्धा तास. एक दिवस त्यांनी दाखवलं की 'बॅक'मधला ॲ आखूड असतो आणि 'बॅग'मधला लांबतो. शेवटचं अक्षर लाइनच्या खरखरीत बुडून गेलं तरी आधीचा स्वर किती रेंगाळला त्यावरून मागून कोण येतंय ते ओळखायचं. दुसऱ्या दिवशी 'लाइन'मधला ल आणि 'कॉल'मधला ल. पहिला जिभेच्या टोकावर हलका, दुसरा घशाकडे कलंडलेला, जड. तिसऱ्या दिवशी 'लास्ट कॉल' म्हणताना गोऱ्यांचा ट गळून कसा पडतो ते. "भीड़ में छोटा बच्चा दबताच है," आपा म्हणाल्या.

एकदा त्यांनी सांगितलं की 'टेन मिनिट्स' घाईत म्हटलं की 'टेम मिनिट्स' होतं आणि 'टेन कॉल्स' म्हटलं की 'टेंग कॉल्स'. एकाच न ची शेजार बघून तीन तोंडं. हे ऐकून मी उडालेच. म्हटलं, आपा, हे तर आमच्याकडं आहे! आणि पायरीवरच्या धुळीत बोटानं 'संत', 'संप' आणि 'संग' लिहून दाखवलं. टिंब एकच, 'त'च्या शेजारी न होतं, 'प'च्या शेजारी म होतं, 'ग'च्या शेजारी नाकात जातं. आपांना देवनागरी येत नव्हती. त्यांनी वाकून तीनही टिंबांना एकेक बोट लावलं. मग बराच वेळ ओठ हलवत राहिल्या आणि एकदम मांडीवर थाप मारून म्हणाल्या, "अगे माँ! हमारा गुंबद! नून लिखते, मीम बोलते! जिंदगी भर बोली मैं, सुनीच नै!" नून म्हणजे उर्दूतला न आणि मीम म्हणजे म. त्या आनंदात आम्हा दोघींनाही पाळीवर जायला पाच मिनिटं उशीर झाला आणि सुपरवायझरची बोलणी बसली. मला आयुष्यात कुणाला काही शिकवल्याचं पहिलं समाधान त्या पायरीवर मिळालं, तेही माझ्या गुरूला शिकवल्याचं.

पण मी पडले गारखेड्याची. नवीन बैल मिळाला की तो पेरणीलाही जुंपायचा आणि लग्नालाही. मला तो वाऱ्याचा प इतका आवडला की मी तो सगळीकडे सोडायला लागले. घरी जेवताना मायला म्हटलं, "माय, पाणी दे." माय म्हणाली, "थुंकतीस कशाला गं ताटात?" धाकटा भाऊ तर आठवडाभर ओठांसमोर हात धरून माझ्याशी बोलायचा. एक्स्चेंजमध्येही मी गोऱ्यांसारखं शब्दांत शब्द मिसळून बोलू लागले. मला वाटायचं, वा! एके दिवशी हॉटेलातला एक पाहुणा मला म्हणाला, कृपा करून सावकाश बोला, मला तुमची इंग्रजी कळत नाही. गोऱ्या माणसाला माझी गोरी इंग्रजी कळेना!

आपांनी ते ऐकलं होतं. पाळी संपल्यावर मला बाजूला घेऊन चांगलं झापलं. त्या रागावलेल्या मी तेवढ्या एकदाच पाहिल्या. "नकल सिखाई क्या मैंने तेरेकू? पहले प कू जरा हवा दी, बस हो गया. बाकी तेरे जैसा बोल. साफ, एक-एक. सुनना उनके जैसा, बोलना अपने जैसा. दूसरे के घर का रास्ता मालूम होना, वहाँ जा के रहना नक्को." मी खाली मान घालून उभी होते. मग त्यांनी लवंग दिली, म्हणजे प्रकरण मिटलं.

तीन महिने भरले आणि साहेब पुन्हा आले. मी बोर्डावर होते, शेजारच्या खुर्चीत आपा, आणि आम्हा दोघींच्या मागे साहेब, कानाला हेडफोन. अकराच्या सुमारास हॉटेलच्या लाइनचा दिवा लागला. परदेशी बाई होती. रडत होती आणि वाऱ्यासारखी बोलत होती. सहा महिन्यांपूर्वी मला त्यातलं फक्त 'प्लीज' कळलं असतं. मी डोळे मिटले. टेम मिनिट्स. इम बॉम्बे. एकेक आवाज शेजाऱ्याच्या गळ्यात हात घालून येत होता आणि मी त्यांना एकेक करून ओळखत होते. तिचा नवरा लेणी चढून आल्यावर खोलीत कोसळला होता. गावातला डॉक्टर तिथं पोचला होता, पण नवऱ्याला कुठलं औषध चालतं ते मुंबईच्या त्याच्या डॉक्टरलाच माहीत होतं. मी एकदाही "पार्डन" म्हटलं नाही. मनमाडच्या ऑपरेटरला विनवून लाइन मोकळी करून घेतली आणि मुंबईचा डॉक्टर जोडून दिला.

इथवर सगळं नियमात होतं. पण लाइन इतकी खराब की बाईला डॉक्टरचं बोलणं ऐकूच जाईना. ती ओरडत होती, तो ओरडत होता, आणि मधे बसून मला दोघांचं ऐकू येत होतं. ग्राहकांच्या बोलण्यात ऑपरेटरनं तोंड घालायचं नाही, हा आमचा पहिला नियम. साहेब मागेच बसलेले. जालन्याची ती खुर्ची माझ्या डोळ्यांसमोर आली. मी आपांकडे पाहिलं. त्यांनी नुसती हनुवटी हलवली.

मी बोलले. डॉक्टर जे सांगेल ते बाईला सांगितलं, बाई जे विचारील ते डॉक्टरला. माझ्या गारखेड्याच्या इंग्रजीत, प्रत्येक शब्द वेगळ्या खुंट्याला बांधून. औषधाचं नाव एकेक अक्षर करून दिलं आणि तिच्याकडून परत म्हणवून घेतलं. कॉल संपला तेव्हा पोलक्याची पाठ घामानं भिजली होती. साहेबांनी हेडफोन काढला, वहीत काहीतरी लिहिलं आणि चहाला गेले. संध्याकाळी हॉटेलातून निरोप आला, माणूस उठून बसलाय. साहेबांचा शेरा मी नंतर वाचला : नियम मोडला, कायम करावे.

मी पेढे घेऊन आपांकडे छावणीत गेले. त्यांनी एक पेढा आईला भरवला, एक स्वतः खाल्ला आणि म्हणाल्या, "शक्कर जास्ती है." माझ्या घशाशी शब्द आला होता, की आपा, ही जागा तुमची होती. माझ्या आधीपासून तुम्ही तिथं बसत होतात आणि मी जे केलं ते तुमच्याच कानानं केलं. पण तो शब्द मी गिळला. खोटं कशाला बोलू? मला ती जागा हवी होती. पेढ्याचा डबा तिथंच ठेवून मी घरी आले आणि जालन्याला नकार कळवला गेला.

त्यानंतर आपा चार वर्षं हंगामी म्हणूनच माझ्या शेजारी बसल्या. त्या चार वर्षांत मला हळूहळू एक गोष्ट दिसायला लागली. आपा आता डोळे मिटत नव्हत्या. हेडफोन कायम उजव्या कानावर असायचा आणि कॉल क्षीण असला की त्या माझ्याकडे बघायच्या. मी त्यांच्या लाइनवर कान देऊन आवाज न करता नुसते ओठ हलवायचे; त्या ते बघून दोरी लावायच्या. आम्ही याबद्दल कधी बोललो नाही. पुढं तेवढ्यानंही भागेना, तेव्हा कुणी काही म्हणण्याआधी त्यांनी स्वतःच नोकरी सोडून घर गाठलं.

मी महिन्यातून एकदा तरी छावणीत जायचे. मी सुपरवायझर झाले ते सांगायला गेले तेव्हा आपांना काहीच ऐकू येत नव्हतं. आई गेली होती, हैदराबादहून आलेली भाची त्यांना सांभाळायची. पण गप्पा पूर्वीसारख्याच चालायच्या, कारण त्या माझे ओठ वाचायच्या. मी म्हटलं, आपा, ओठांवर प, ब आणि म तर अगदी सारखे दिसतात, कसं कळतं तुम्हाला? त्या खुदकन हसल्या. "शेजार देखती ना मैं. पहले सुनती थी, अब देखती."

त्या दिवशी कशी कुणास ठाऊक मला हिंमत झाली. मी त्यांच्यासमोर नीट बसले आणि सावकाश, एकेक शब्द करून म्हटलं, "आपा, जागा तुमची होती. मला ठाऊक होतं, तरी मी घेतली."

आपांनी माझ्या ओठांवरची नजर काढली आणि डोळ्यांत बघितलं. "परमनंट कू डॉक्टर की जाँच रहती," त्या म्हणाल्या. "कान के बाजू में घड़ी पकड़ते. बायाँ तो तू आई उसके पहलेच गया था मेरा. दायाँ जा रा था. मालूम था मेरेकू. मैं डॉक्टर के दरवाजे में से वापस नौकरी पे आतीच नै थी."

इतकी वर्षं मी ज्या ओझ्याखाली वावरत होते, ते त्यांनी पदरावरचा धागा झटकावा तसं झटकलं होतं. तरी मला हलकं वाटेना. त्या पायऱ्यांवरचा प्रत्येक अर्धा तास मला आता निराळा दिसत होता. बाई उरलासुरला कान घेऊन रोज लवकर येत होत्या.

"मैं तेरेकू जगा नै दी, सुमन," आपा म्हणाल्या. "अपना कान उधर रख के आई."

मला रडू फुटलं. काहीतरी बोलायचा मी खूप प्रयत्न केला, पण रडताना ओठ वाकडेतिकडे होतात, आणि आपांना त्यातलं एक अक्षर वाचता येईना. त्यांनी माझी हनुवटी धरून तोंड उजेडाकडे वळवलं. "सीधा बोल गे. कुछ दिखताच नै मेरेकू."

मी पदरानं तोंड पुसलं, ओठ सरळ केले आणि पुन्हा म्हटलं, "रोज ऐकते मी, आपा. रोज."

"हौ," आपा म्हणाल्या आणि भाचीला चहा टाकायला सांगितला.